ट्यूडर वृंदसंगीत आणि उत्तरकालीन इंग्रज संगीतकार : वारसा की पुनःप्राप्ती?

१

इंग्लंडच्या संगीताविषयी लिहिताना एक विधान पुष्कळदा गृहीत धरले जाते. ते असे की, सोळाव्या शतकात टॅलिस, बर्ड आदी रचनाकारांनी जे वृंदसंगीत निर्माण केले त्याची परंपरा त्या देशात अखंड चालत आली, आणि विसाव्या शतकातील व्हॉन विल्यम्स किंवा हॉवेल्स यांच्या कृतींत तीच परंपरा पुनश्च बहरली. हे विधान सर्वथा असत्य नाही. परंतु ते जसेच्या तसे स्वीकारले तर इतिहासाच्या अभ्यासकाची दिशाभूल होण्याचा संभव आहे. दोन कृतींत साम्य आढळले म्हणजे एकीचा दुसरीवर प्रभाव पडला असे सिद्ध होत नाही. उत्तरकालीन रचनाकाराला पूर्वकालीन कृती कोणत्या मार्गाने ज्ञात झाली, त्याने ती ऐकली की वाचली, कोणत्या प्रतीवरून वाचली, आणि त्या प्रतीत मूळ कृतीचा किती अंश शिल्लक होता, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज 'प्रभाव' हा शब्द केवळ अलंकार ठरतो.

प्रस्तुत निबंधात या कसोटीवर उपरोक्त विधान तपासून पाहावयाचे आहे. तसे केले असता दिसून येते ते असे की, प्रबोधनकालीन वृंदसंगीताचा एक भाग कॅथीड्रलांच्या नित्य उपासनेत टिकून राहिला, तर दुसरा, आणि कलादृष्ट्या अधिक समृद्ध असा भाग, सुमारे तीनशे वर्षे जवळजवळ मूक होता. विसाव्या शतकातील रचनाकारांना ज्या संगीताने भारून टाकले ते मुख्यतः या दुसऱ्या भागातील होते. म्हणजेच ज्याला आपण वारसा म्हणतो तो बऱ्याच अंशी पुनःप्राप्तीचा परिणाम आहे.

२

या संगीताचे स्वरूप थोडक्यात ध्यानी घेणे अवश्य आहे. आपल्याकडील संगीतात एकच स्वरपंक्ती रागाच्या आश्रयाने विस्तार पावते. सोळाव्या शतकातील युरोपीय वृंदसंगीतात चार, पाच, सहा किंवा त्याहूनही अधिक स्वतंत्र स्वरपंक्ती एकाच वेळी चालतात. एक पंक्ती एखादा स्वरसमूह उच्चारते, काही क्षणांनी दुसरी तोच स्वरसमूह वेगळ्या उंचीवर उचलते, मग तिसरी. आणि त्यांच्या गुंफणीतून एक विणकाम सिद्ध होते. याला पॉलिफनी असे नाव आहे. तत्कालीन रचना पुढे रूढ झालेल्या मेजर व मायनर या दोन सप्तकांत बसवलेल्या नसून 'मोड' नावाच्या सप्तकांत केलेल्या असत. डोरियन मोडचे स्वर आपल्या काफी थाटाचे आणि फ्रिजियन मोडचे स्वर भैरवी थाटाचे आहेत, असे म्हटले तर वाचकास कल्पना येईल. अर्थात हे साम्य स्वरांतरांपुरतेच असून त्याला रागाचा भावार्थ चिकटविणे योग्य होणार नाही.

इंग्रज रचनाकारांचा एक खास विशेष येथे नोंदविला पाहिजे. निरनिराळ्या स्वरपंक्ती आपापल्या ओघाने चालत असताना एका पंक्तीत शुद्ध निषाद व दुसरीत कोमल निषाद असे स्वर लागोपाठ, क्वचित एकाच क्षणी, उमटतात आणि एक तीव्र पण क्षणिक विसंवाद निर्माण होतो. 'फॉल्स रिलेशन' या नावाने ओळखला जाणारा हा विशेष इतर देशांत अज्ञात नव्हता. परंतु इंग्लंडमध्ये तो दीर्घकाळ आवडीने वापरला गेला. उत्तरकालीन कृतींतील ट्यूडर संस्कार ओळखताना समीक्षक प्रथम याच खुणेचा शोध घेतात.

या संगीताच्या इतिहासात धर्मसुधारणेने एक खोल भेग पाडली. १५३६ ते १५४० या काळात मठांचे विसर्जन झाले. टॉमस टॅलिस हा वॉल्थम मठाच्या सेवेत होता. १५४० साली तो मठ बंद झाला आणि त्याला दुसरा आश्रय शोधावा लागला. १५४४ मध्ये आर्चबिशप क्रॅन्मरने आठव्या हेन्रीस लिहिलेल्या पत्रात, उपासनेच्या संगीतात शक्यतो एका अक्षरास एकच स्वर असावा, असे मत मांडले. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनाग्रंथ अमलात आला आणि लॅटिन मासच्या संगीताचे प्रयोजनच संपुष्टात आले. मेरी राणीच्या अल्प कारकीर्दीत ते परतले व एलिझाबेथच्या राज्यारोहणानंतर पुन्हा लोपले. टॅलिसने या चारही राज्यकर्त्यांच्या काळात सेवा केली आणि प्रत्येक वेळी आपल्या लेखणीस नवे वळण दिले. १५७५ साली त्याला आणि विल्यम बर्डला संगीतमुद्रणाचा एकवीस वर्षांचा एकाधिकार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी चौतीस लॅटिन मोटेटांचा संग्रह प्रसिद्ध केला. प्रत्येकाची सतरा, कारण राणीच्या कारकीर्दीचे ते सतरावे वर्ष होते.

बर्ड कॅथलिकच राहिला. उपासनेस अनुपस्थित राहिल्याबद्दल त्याच्यावर अनेकदा कारवाई झाली. तरीही राजगायकवृंदातील त्याचे स्थान कायम राहिले. तीन, चार व पाच आवाजांसाठी रचलेले त्याचे तीन मास १५९२ ते १५९५ च्या सुमारास छापले गेले, परंतु त्यांवर मुखपृष्ठही नव्हते. हे संगीत कॅथीड्रलासाठी नव्हे, तर कॅथलिक कुटुंबांच्या घरांत गुप्तपणे होणाऱ्या उपासनेसाठी होते. पुढील काळात हेच मास इंग्रज संगीताचे राष्ट्रीय धन म्हणून गौरविले गेले. ज्या राज्यव्यवस्थेने त्यांना अंधारात लोटले तिच्याच नावाने त्यांना 'ट्यूडर संगीत' म्हणावे, यातील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

३

आता टिकून राहिलेल्या धाग्याकडे वळू. १६४१ साली जॉन बार्नार्डने दिवंगत रचनाकारांच्या इंग्रजी उपासनासंगीताचा एक मोठा संग्रह छापला. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध सुरू झाले. १६४४ मध्ये पार्लमेंटने चर्चमधील ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम दिला आणि कॅथीड्रलांचे गायकवृंद विखुरले. १६६० मध्ये राजसत्तेची पुनःस्थापना झाली तेव्हा गायकवृंदांना नव्याने उभे राहण्यासाठी ज्या साधनांचा आधार मिळाला त्यांत बार्नार्डचा संग्रह महत्त्वाचा होता. याच संग्रहात टॅलिस व बर्ड यांची काही लॅटिन मोटेट इंग्रजी शब्दांचा वेष घेऊन आली होती. बर्डच्या १५८९ च्या संग्रहातील जेरुसलेमच्या विनाशावरील मोटेट 'बाउ दाइन इअर' या इंग्रजी अँथमच्या रूपाने कॅथीड्रलांत गाइले जात राहिले. म्हणजे निषिद्ध संगीताचा काही अंश वेषांतर करूनच जिवंत राहिला.

पुनःस्थापनेनंतर दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात फ्रेंच धर्तीच्या व्हायोलिनवादनाची आवड वाढली होती. अशा वेळी हेन्री पर्सेल या तरुणाने बर्ड, टॅलिस, गिबन्स आदींची अँथम स्वहस्ताने उतरवून काढली. त्याच्या हस्ताक्षरातील ही वही केंब्रिज येथील फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. छपाई सुलभ नसलेल्या काळात प्रत करणे हाच अभ्यासाचा राजमार्ग होता, आणि आपल्या कसोटीच्या दृष्टीने याहून सबळ पुरावा क्वचितच मिळतो. त्या अभ्यासाचे फळ त्याच्या 'हिअर माय प्रेयर' या आठ आवाजांच्या रचनेत दिसते. तीत एकाच पंक्तीतून निघालेली याचना हळूहळू आठही पंक्तींना वेढते आणि शेवटी एका प्रखर विसंवादापर्यंत पोहोचते. साधने जुनी, परंतु त्यांतून साधलेली नाट्यमयता पर्सेलची स्वतःची आहे.

१६८० साली, वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर, पर्सेलने व्हायल या तंतुवाद्यांच्या वृंदासाठी काही फँटाझिया रचल्या. त्याच हस्तलिखितात सहा व सात पंक्तींच्या 'इन नोमिने' या नावाच्या दोन रचना आहेत. या नावामागे एक विलक्षण इतिहास आहे. जॉन टॅव्हर्नर (मृत्यू १५४५) याने 'ग्लोरिया तिबी त्रिनितास' या प्राचीन धर्मगीतावर सहा आवाजांचा मास रचला होता. त्यातील 'इन नोमिने दोमिनी' या शब्दांचा चार पंक्तींचा खंड वादकांनी स्वतंत्रपणे उचलला, आणि तेच मूळ गीत दीर्घ स्वरांत मध्यभागी ठेवून त्याभोवती नवे विणकाम करण्याची प्रथा पडली. दीडशेहून अधिक इन नोमिने आज उपलब्ध आहेत. पर्सेलच्या रचना या प्रथेच्या अगदी शेवटच्या होत. मास गाण्याची प्रथा लोपली, शब्द गळाले, आवाजांची जागा तारांनी घेतली. तरी टॅव्हर्नरच्या मासचा एक तुकडा जवळजवळ दीड शतक चालत राहिला. मात्र या रचनांना हे नाव का पडले, हे पुढे विस्मृतीत गेले.

अठराव्या शतकात हा धागा अधिक क्षीण झाला, पण तुटला नाही. १७२६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे 'अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक' या नावाने प्रसिद्धीस आलेल्या मंडळाने, तसेच १७४१ च्या मॅड्रिगल सोसायटीने, जुने संगीत गाण्याचा परिपाठ ठेवला. विल्यम बॉइसने १७६० ते १७७३ या काळात 'कॅथीड्रल म्युझिक' हा तीन खंडांचा संग्रह प्रसिद्ध केला आणि टॅलिस, बर्ड, गिबन्स यांच्या निवडक रचना कॅथीड्रलांच्या हाती राहिल्या. तथापि ही निवड इंग्रजी उपासनेपुरती होती. टॅव्हर्नरचे मास किंवा बर्डचे 'ग्रॅदुआलिया' यांना तीत स्थान असणे शक्यच नव्हते. अखंड परंपरा म्हणतात ती एवढीच.

४

दुसऱ्या, मूक झालेल्या भागाच्या पुनःप्राप्तीचा आरंभ एकोणिसाव्या शतकात झाला. १८४० साली स्थापन झालेल्या म्युझिकल अँटिक्वेरियन सोसायटीने पुढच्याच वर्षी बर्डचा पाच आवाजांचा मास छापला. १८८८ मध्ये टॅलिसच्या 'स्पेम इन आलियुम' या चाळीस पंक्तींच्या मोटेटची आवृत्ती निघाली. परंतु छापलेले संगीत गाइले जाईपर्यंत ते केवळ पुराणवस्तू असते. गायनाची जोड देण्याचे श्रेय मुख्यतः रिचर्ड टेरीकडे जाते. १८९६ पासून डाउनसाइड येथील बेनेडिक्टाइन मठात आणि १९०१ ते १९२४ या काळात लंडनच्या नव्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये त्याने बर्ड, टॅलिस, टॅव्हर्नर यांचे लॅटिन संगीत प्रत्यक्ष उपासनेत पुन्हा आणले. १९०३ साली पोप दहावा पायस याने पॅलेस्ट्रिनाच्या वळणाच्या पॉलिफनीचा पुरस्कार केला, त्यामुळे या कार्यास धार्मिक अधिष्ठानही लाभले. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधील अध्यापक स्टॅनफर्ड हा आपल्या विद्यार्थ्यांना हे संगीत ऐकण्यासाठी आवर्जून वेस्टमिन्स्टरला पाठवीत असे. ज्या पिढीविषयी आपण बोलणार आहोत तिचे कान तेथे घडले.

यापाठोपाठ संपादनाचे कार्य झाले. एडमंड फेलोजने १९१३ ते १९२४ या काळात इंग्रज मॅड्रिगलांचे छत्तीस खंड संपादित केले. कार्नेगी ट्रस्टच्या साहाय्याने 'ट्यूडर चर्च म्युझिक' ही दहा खंडांची माला १९२२ ते १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या संपादकांत फेलोजबरोबर पुढे कादंबरीकर्त्री म्हणून ख्याती पावलेली सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर हीही होती. मूळ हस्तलिखितांत प्रत्येक पंक्तीचे पुस्तक स्वतंत्र असल्यामुळे, एखादे पुस्तक हरवले म्हणजे संपूर्ण रचनाच अपुरी राहत असे. ठिकठिकाणच्या ग्रंथालयांतील अशी पुस्तके शोधून, ताडून, एकत्र मांडल्यावरच ती रचना पुन्हा वाचता येण्याजोगी झाली.

या उद्योगामागे शुद्ध विद्याप्रेमाबरोबर राष्ट्रभावनाही होती, हे नाकारून चालणार नाही. इंग्लंड हा संगीतविहीन देश आहे, असा जर्मन टीकाकारांचा उपहास त्या काळी प्रसिद्ध होता. जर्मन वर्चस्वातून सुटू पाहणाऱ्या रचनाकारांना स्वतःचे असे एक सुवर्णयुग हवे होते. ते त्यांना लोकगीतांत आणि ट्यूडर संगीतात सापडले.

५

या पार्श्वभूमीवर राल्फ व्हॉन विल्यम्सच्या दोन कृती तपासून पाहू. १९०४ ते १९०६ या काळात त्याने 'इंग्लिश हिम्नल' या स्तोत्रसंग्रहाचे संगीतसंपादन केले. स्वतः श्रद्धावान नसलेल्या या गृहस्थाने दोन वर्षे स्तोत्रांच्या चाली धुंडाळण्यात घालविली. त्यात त्याला आर्चबिशप पार्करच्या १५६७ च्या स्तोत्रग्रंथासाठी टॅलिसने रचलेल्या चाली आढळल्या आणि त्यांतील तिसरी, फ्रिजियन मोडमधील चाल त्याने आपल्या संग्रहात घेतली. 'फँटाझिया ऑन अ थीम बाय टॉमस टॅलिस' ही तिच्यावर आधारलेली रचना ६ सप्टेंबर १९१० रोजी ग्लॉस्टर कॅथीड्रलमध्ये प्रथम सादर झाली. येथे प्रभावाचा मार्ग निःसंदिग्ध आहे. संपादकाच्या मेजावरून ती चाल रचनाकाराच्या मेजावर आली.

परंतु त्या चालीचे झाले काय, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. टॅलिसची मूळ चाल चार पंक्तींची, साधी, सामान्य उपासकांसाठी योजलेली आहे. व्हॉन विल्यम्सने ती तंतुवाद्यांच्या तीन समूहांत विभागली : एक मोठा वृंद, दुसरा नऊ वादकांचा छोटा वृंद आणि चौघा एकल वादकांचा गट. दूरचा वृंद जवळच्या वृंदास उत्तर देतो तेव्हा कॅथीड्रलमध्ये समोरासमोर बसणाऱ्या गायकवृंदाच्या दोन बाजूंची आठवण होते. टॅलिसच्या चालीत नसलेली ही गोष्ट टॅलिसच्या युगातील गायनव्यवस्थेतून आली, असे मानण्यास जागा आहे. रचनेचे नावही एलिझाबेथकालीन फँटाझियाचे स्मरण देते. उलटपक्षी, जिच्यामुळे ही रचना इतकी भारदस्त वाटते ती संपूर्ण स्वरसंघातांची समांतर वाटचाल ट्यूडर नाही. अशा समांतर पंचमांना प्रबोधनकालीन नियमांत मज्जाव होता. व्हॉन विल्यम्सने १९०७-०८ च्या हिवाळ्यात पॅरिस येथे राव्हेलकडे अध्ययन केले होते. या लकबीचे मूळ शोधावयाचे तर त्या दिशेने पाहावे लागेल. मोडच्या वापराचे श्रेयही एकट्या टॅलिसला देता येणार नाही, कारण १९०३ पासून तो जी लोकगीते गोळा करीत होता त्यांतही हेच मोड होते.

१९२१ मध्ये पूर्ण झालेला 'मास इन जी मायनर' हा याहून थेट पुरावा आहे. वाद्यांच्या साथीविना, चार एकल आवाज व दुहेरी गायकवृंद यांच्यासाठी रचलेला हा मास गुस्ताव्ह होल्स्ट आणि त्याच्या गायकांना अर्पण केलेला आहे. १९२२ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमच्या गायकवृंदाने तो प्रथम गाइला, आणि १९२३ मध्ये टेरीने तो वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलच्या उपासनेत योजिला. पहिल्या 'किरिए'मध्ये एक पंक्ती धर्मगीतासारखी चाल घेऊन निघते व इतर पंक्ती क्रमाने तिचे अनुकरण करतात. हे वळण बर्डच्या वाचकास तत्काळ ओळखता येते. ज्या स्थळी बर्डचे मास पुन्हा गाइले जाऊ लागले त्याच स्थळी, त्याच गायकांच्या कंठी, या नव्या मासला स्थान मिळाले. पुनःप्राप्ती आणि नवनिर्मिती यांचे अंतर येथे जवळजवळ नाहीसे झालेले दिसते.

६

१९१० च्या त्या सायंकाळी ग्लॉस्टरच्या श्रोत्यांत हर्बर्ट हॉवेल्स हा सतरा वर्षांचा तरुण उपस्थित होता. त्या अनुभवाचा उल्लेख तो पुढे आयुष्यभर करीत असे. दोनच वर्षांनी, स्टॅनफर्डचा विद्यार्थी असताना, त्याने डोरियन मोडमध्ये एक मास रचला आणि १९१२ मध्ये टेरीने तो वेस्टमिन्स्टरला गाऊन घेतला. पुढे ऑर्गनसाठी त्याने 'मास्टर टॅलिसेस टेस्टामेंट' ही रचना केली. तिचे शीर्षक टॅलिसचे असले तरी तिच्यातील वातावरण व्हॉन विल्यम्सच्या फँटाझियाचे आहे. हॉवेल्सपर्यंत पोहोचलेला टॅलिस एका समकालीनाच्या हातून आलेला होता. प्रभावाचा मार्ग असा बहुधा एकेका टप्प्याने जातो, सरळ उडी घेत नाही.

मायकेल टिपेटने वेगळी गोष्ट घेतली. मॉर्ली कॉलेजमधील संगीताचा संचालक या नात्याने त्याने तेथील गायकवृंदाकडून 'स्पेम इन आलियुम' बसवून घेतले आणि १९४८ मध्ये त्याचे पहिले ध्वनिमुद्रण केले. त्याला आकर्षण होते ते मोडचे नव्हे, तर लयीचे. मॅड्रिगलांत प्रत्येक पंक्ती आपापल्या शब्दांच्या आघातानुसार चालते, त्यामुळे एकाच क्षणी भिन्न पंक्तींत भिन्न ठिकाणी आघात पडतात. हे तत्त्व त्याने 'कॉन्चेर्टो फॉर डबल स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा' (१९३९) या वाद्यरचनेत वापरले. व्हॉन विल्यम्सचा कल शांत, विस्तीर्ण स्वरांकडे; टिपेटचा उसळत्या लयीकडे. दोघांनी एकाच भांडारातून घेतले, पण एकच वस्तू घेतली नाही. बेंजामिन ब्रिटनची गोष्ट आणखी निराळी. व्हॉन विल्यम्सच्या पिढीच्या खेडवळ राष्ट्रीयतेविषयी त्याला आस्था नव्हती. त्याचे गुरुस्थान पर्सेल हे होते. तरी १९५९ चा त्याचा 'मिस्सा ब्रेव्हिस' पुन्हा वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलच्या बालगायकांसाठीच लिहिला गेला. या इतिहासात व्यक्तींइतकेच महत्त्व संस्थांना द्यावे लागते ते यामुळे.

७

शेवटी इन नोमिनेकडे परत येऊ. या रचनाप्रकाराच्या नावाचे मूळ टॅव्हर्नरच्या मासमध्ये आहे, हे १९४९ साली संशोधकांनी पुन्हा दाखवून दिले. १९५१ मध्ये 'म्युझिका ब्रिटानिका' या मालेचा प्रथम खंड म्हणून 'मुलिनर बुक' हे सोळाव्या शतकातील कळवाद्यांच्या रचनांचे हस्तलिखित छापले गेले. त्यात टॅव्हर्नरच्या इन नोमिनेचे रूपांतर आहे. १९६२ मध्ये पीटर मॅक्सवेल डेव्हिस याने त्याच रूपांतरावर आपली पहिली फँटाझिया उभारली व १९६४ मध्ये दुसरी. १९७२ मध्ये त्याचा 'टॅव्हर्नर' हा ऑपेरा लंडनमध्ये रंगभूमीवर आला. पर्सेलनंतर जवळजवळ थांबलेली साखळी संशोधनामुळे पुन्हा जोडली गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु या उदाहरणात एक इशाराही दडलेला आहे. डेव्हिसच्या ऑपेरातील टॅव्हर्नर हा धर्मांतराने कठोर बनलेला, आपली कला टाकून कॅथलिकांचा छळ करणारा पुरुष आहे. हे चित्र जॉन फॉक्सच्या सोळाव्या शतकातील ग्रंथातील एका उल्लेखावर आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या संपादकांनी त्यावर रचलेल्या तर्कावर आधारलेले होते. नंतरच्या चिकित्सेत त्यास पुरेसा आधार आढळला नाही. ऑपेराचे कलामूल्य यामुळे उणावत नाही. मात्र भूतकाळ रचनाकारापर्यंत पोहोचतो तो संपादकांनी ज्या रूपात दिला असेल त्या रूपातच, हे यावरून स्पष्ट होते.

तात्पर्य, प्रबोधनकालीन वृंदसंगीताचा इंग्रज रचनाकारांवरील प्रभाव टिकाऊ आहे खरा, परंतु तो आपोआप टिकला नाही. पर्सेलची वही, बार्नार्ड व बॉइस यांचे संग्रह, टेरीचा गायकवृंद, फेलोजचे खंड या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ते संगीत उतरवून घेतले, जुळविले किंवा गाइले म्हणून ते पुढच्याच्या कानी पडले. प्रत्येकाने आपल्या गरजेपुरते घेतले व उरलेले सोडले. ज्यांनी या पंक्ती नकलून आणि जुळवून ठेवल्या त्यांची नावे संगीताच्या इतिहासात तळटीपांत आढळतात. त्यांचे स्थान मुख्य मजकुरात असावयास हवे, एवढेच या विवेचनातून सुचवावयाचे आहे.